डॉक्टरच्या गल्लीत पाय रोवणारं कुत्रं, आणि त्यावर आम्ही काय काय केलं

आमची भुरी अठरा किलोची, गावठी, सोसायटीतला एक बोका सोडला तर कुणाच्या बापाला भीत नाही, पण डॉक्टरच्या गल्लीचा कोपरा आला की चारही पाय रोवून बसायची. मग मी पुढून पट्टा ओढतेय, बाबा मागून ढकलतायत आणि टपरीवरची मंडळी चहा पीत फुकटचा तमाशा बघतायत, दर इंजेक्शनला हेच. दोन वर्षं असंच चाललं. आता ती नाचत जाते असं अजिबात नाही, पण स्वतःच्या पायाने आत जाते. त्यासाठी काय केलं आणि कुठे माती खाल्ली ते सांगते.

सगळ्यात आधी, ती नाटकं करत नसते. फिनेल, स्पिरिट, आधी येऊन गेलेल्या घाबरलेल्या कुत्र्यांची शू, असा सगळा वास एकदम नाकात, पायाखाली गुळगुळीत टाइल्स, मग उचलून थंडगार स्टीलच्या टेबलावर ठेवतात आणि एक अनोळखी माणूस मागून थर्मामीटर घालतो. आणि घाबरल्यावर कुरवाळलं तर अजून भित्री होईल असं जे सगळे सांगतात ना, ते खरं नाही. भीती म्हणजे हट्ट नव्हे की लाड केले म्हणून वाढेल. जवळ यायचं असेल तर येऊ द्या. आमचे बाबा ‘ए गप बस’ म्हणून ओरडायचे, ते मात्र बंद करायला लावलं, कारण ओरडलं की तिला एकाऐवजी दोन गोष्टींची भीती.

गुरगुरणं ही खूप पुढची पायरी असते. त्याआधी उगाच जांभया, सारखं ओठ चाटणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, आणि केस तर इतके गळतात की काळ्या पँटचा रंग ओळखू येत नाही. टाइल्सवर ओले पंजे उमटले तर तेही बघा, कुत्र्याला घाम पंजातून येतो. पण मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते ती खाण्याची. घरी ज्या चिकनसाठी दार फोडते तेच तोंडापुढे धरलं आणि तिने मान फिरवली, म्हणजे आता शिकवणं वगैरे काही होणार नाही, दहा पावलं मागे जायचं.

आता माझी चूक ऐका. मला वाटलं आधी पनीर देऊन खूश करायचं आणि मग पटकन कान साफ करायचा. चार-पाच वेळा केलं, आणि मग पनीरचा डबा उघडला की मॅडम पलंगाखाली! तिच्या हिशेबाने पनीर म्हणजे धोक्याची घंटा झाली होती. क्रम उलटा पाहिजे. आधी नकोशी गोष्ट, अगदी चिमूटभर, आणि लगेच एका सेकंदात खाऊ. कानाला बोट लावलं, खाऊ. पंजा धरला, खाऊ. ओठ वर करून दात बघितले, खाऊ. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे करून ठेवायचे, नाहीतर आठवड्यात किलोभर वजन वाढतं.

इंजेक्शनची प्रॅक्टिस मी अशी केली. कापसाला स्पिरिट लावून आधी फक्त लांब धरलं, कारण तो वासच तिचा खरा शत्रू होता. वास आला, चिकन. दोन-तीन दिवसांनी कापूस मानेला टेकवला, चिकन. मग मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि शेवटी पेनच्या टोपणाचं टोक हलकंच टोचवलं, चिकन. दिवसाला दोन-तीन मिनिटं, बस. पळून गेली तर जाऊ द्यायचं, मागे जाऊन पकडायचं नाही, उद्या बघू. पूर्ण व्हायला जवळपास महिना लागला. पिल्लू असेल तर हे सगळं पहिल्याच दिवसापासून सुरू करा, कष्ट निम्मे होतील.

त्याच महिन्यात क्लिनिकच्या रिकाम्या चकरा मारल्या. पहिल्यांदा फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, खाऊ, परत. मग गेटपर्यंत. मग आत जाऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, कंपाउंडर काकांच्या हातून बिस्किट खायचं आणि निघायचं, सुई नाही काही नाही. आधी फोन करून विचारा, दुपारी गर्दी नसताना बहुतेक जण हो म्हणतात. जिथे ‘हे काय नवीन फॅड’ म्हणून हसले तिथे आम्ही परत गेलो नाही, डॉक्टरच बदलला.

प्रत्यक्ष जायच्या दिवशी पोट थोडं रिकामं ठेवा, गाडीत उलटी होत नाही आणि खाऊला किंमत राहते. रविवारची संध्याकाळ टाळा. आत बाकावर पाच कुत्री आणि टोपलीतली एक मांजर यांच्यामध्ये बसवू नका, रिक्षात नाहीतर झाडाखाली थांबा आणि नंबर आला की हाक मारायला सांगा. घरची सतरंजी बरोबर न्या, टेबलावर अंथरली की पाय घसरत नाहीत आणि वास घरचा. बऱ्याच तपासण्या जमिनीवरही होतात, विचारायला लाजू नका.

चावायची भीती असेल तर मझल, म्हणजे तोंडाला घालायचं मुसकं, वापरा, पण जाळीचं. कापडी मझलने तोंड बंद होतं, धापा टाकता येत नाहीत, आणि आपल्याकडच्या उन्हात ते धोक्याचं आहे. जाळीतून खाऊही देता येतो. घरी आठवडाभर आतल्या बाजूला दही लावून चाटायला द्या, मग स्वतःच तोंड घालतात.

एवढं करूनही थरथर थांबत नसेल तर डॉक्टरांना भीती कमी करणाऱ्या गोळीबद्दल विचारा, त्यात कमीपणा काही नाही. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन घरून निघायच्या आधी द्यायला सांगतात, डोस मात्र त्यांनीच ठरवायचा, आणि आधी एकदा साध्या दिवशी घरी देऊन बघायची. नुसती गुंगी आणणारी एसीप्रोमाझीनसारखी गोळी दिली तर अंग ढिलं पडतं पण आतली भीती तशीच राहते, म्हणून नीट विचारून घ्या. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका, पॅरासिटामॉलसुद्धा नाही.

आणि हो, हे सगळं सवडीचं काम आहे. पावसाळ्यात गोचीड तापाने मलूल पडली, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसतायत, तर ट्रेनिंग गेलं उडत, उचला आणि पळा. मागच्या जुलैत आम्ही तेच केलं, रक्त काढताना तिघांनी धरलं, आणि नंतर गेटपासूनची सगळी शिकवणी पुन्हा करावी लागली. दुसऱ्यांदा आठच दिवस लागले.

घरी आल्यावर लगेच आंघोळ घालू नका, पाणी द्या आणि झोपू द्या. घरात दुसरं कुत्रं असेल तर ते क्लिनिकच्या वासाने गुरगुरू शकतं, तासभर दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा.