क्लारा शुमानचे संगीत ऐकण्याची एक रीत

क्लारा शुमान (१८१९–१८९६) ही एकोणिसाव्या शतकातील युरोपमधली अग्रगण्य पियानोवादक होती आणि स्वतः रचनाकारही होती. तिच्याकडे वळणारा श्रोता मात्र बहुधा पती रॉबर्ट शुमान किंवा स्नेही ब्राम्स या दोन जर्मन रचनाकारांच्या वाटेने येतो आणि वाटेतच थांबतो. थेट तिच्याकडे जायचे असेल, तर एक वही घ्यावी आणि पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे रचनेचा ओपस क्रमांक (प्रकाशित रचनांना दिलेला अनुक्रमांक) व साल लिहावे, उजवीकडे त्या सुमारास तिच्या घरात काय चालले होते ते लिहावे. ओपस क्रमांक अवघ्या २३ पर्यंत जातात, त्यामुळे काम आवाक्यातले आहे. डाव्या रकान्यात जिथे जागा रिकामी राहते, तिथे उजवा रकाना अधिक लक्ष देऊन वाचावा.

शोध घेताना दोन्ही नावे वापरावीत. लग्नाआधीच्या रचना, म्हणजे ओपस ११ पर्यंतच्या, ‘क्लारा वीक’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. नुसते ‘शुमान’ म्हणून शोधल्यास समोर येतो तो रॉबर्टच.

बहुतेक जण ए मायनर या स्वरपट्टीतील पियानो कन्चेर्तोपासून, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेपासून (ओपस ७), सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात जी मायनरमधील पियानो ट्रायोने (ओपस १७) करावी. पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठीची ही चार भागांची रचना तिने १८४६ मध्ये ड्रेस्डेनला केली, तेव्हा ती चार मुलांची आई होती. आदल्याच वर्षी पती-पत्नींनी मिळून काउंटरपॉइंटचा, म्हणजे अनेक स्वतंत्र धुना एकाच वेळी गुंफण्याच्या तंत्राचा, कसून अभ्यास केला होता, आणि त्याची फळे शेवटच्या भागातील फ्युगसदृश (एकच धून वाद्यांनी एकामागून एक उचलण्याच्या) उताऱ्यात दिसतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त चेलोकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा फक्त पियानोच्या डाव्या हाताकडे.

त्यानंतर कन्चेर्तोकडे यावे. लाइपझिगमध्ये वडील फ्रीड्रिश वीक यांच्या कडक शिस्तीत वाढलेली क्लारा नऊ वर्षांची असताना, १८२८ मध्ये, तेथील गेवांडहाउस सभागृहात प्रथम पियानो वाजवायला बसली. याच सभागृहात ९ नोव्हेंबर १८३५ रोजी, रचनाकार मेंडेल्सोनच्या वाद्यवृंद-संचालनाखाली, सोळा वर्षांच्या क्लाराने हा कन्चेर्तो सादर केला. मधल्या संथ भागात सारा वाद्यवृंद गप्प होतो आणि पियानोसोबत उरतो तो एकटा चेलो. ट्रायो आधी ऐकलेला असला, की ही जोडी इतक्या लहान वयात तिला कशी सुचली होती हे चटकन ध्यानात येते.

वडिलांचा विवाहाला असलेला विरोध, कोर्टातील खटला आणि एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १२ सप्टेंबर १८४० रोजी झालेले लग्न, ही कथा सर्वत्र सविस्तर मिळते; वहीत तिला एक ओळ पुरे. त्याऐवजी जर्मन कवी रिकर्टच्या कवितांवरील १८४१ चा गीतसंग्रह घ्यावा. बारा गीतांपैकी नऊ रॉबर्टची आणि तीन क्लाराची आहेत, पण कोणते कोणाचे हे मूळ आवृत्तीत सांगितलेले नव्हते. गीतांची यादी न पाहता ऐकावे आणि तिची तीन ओळखण्याचा प्रयत्न करावा. फसण्याची तयारी मात्र ठेवावी.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो ओपस २० ला. यासाठी तीन रचना क्रमाने ऐकाव्यात: आधी रॉबर्टच्या ओपस ९९ मधील चौथी छोटी रचना, मग त्याच धुनेवर क्लाराने १८५३ मध्ये त्याच्या वाढदिवसासाठी केलेली व्हेरिएशन्स (एकाच धुनेची बदलत जाणारी रूपे), आणि शेवटी तीच धून घेऊन ब्राम्सने १८५४ मध्ये केलेली व्हेरिएशन्स (ओपस ९). क्लाराच्या रचनेच्या अखेरीस आतल्या स्वरांत तिच्याच ओपस ३ मधली एक धून हळूच येते, आणि रॉबर्टनेही वीस वर्षांपूर्वी ती आपल्या ओपस ५ साठी उचलली होती. दोन रचनाकारांमधली ही देवाणघेवाण चरित्रातल्या प्रेमपत्रांपेक्षा मला अधिक बोलकी वाटते.

येथून पुढे डावा रकाना जवळजवळ कोराच राहतो. फेब्रुवारी १८५४ मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवले गेले, पण उरलेले दिवस त्याने बॉनजवळील एंडेनिशच्या रुग्णालयात काढले आणि २९ जुलै १८५६ रोजी त्याचे निधन झाले. सात मुले पदरी होती; घर चालले ते क्लाराच्या मैफिलींवर. त्याच वर्षीचा बी मायनरमधील एक रोमान्स (पियानोची छोटी भावगर्भ रचना) ऐकावा. पुढे स्वतःची नवी रचना क्वचितच झाली. मैफिलींचे दौरे, १८७८ पासून फ्रँकफुर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेतील अध्यापन आणि रॉबर्टच्या समग्र रचनांचे संपादन, हे सर्व उजव्या रकान्यात जाते.

तरीही शेवटची नोंद डावीकडेच होते. मैफिलीत एका रचनेतून दुसरीकडे जाताना ती आयत्या वेळी सुचलेले लहानसे प्रिल्यूड (प्रास्ताविक वादन) वाजवत असे. आपल्याकडील श्रोत्याला येथे आलाप आठवेल, पण येथे राग उलगडायचा नसतो, फक्त पुढच्या रचनेच्या स्वरात कान आणून ठेवायचा असतो. मुलीच्या आग्रहावरून तिने यांतली काही १८९५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, कागदावर उतरवली. ती सुटी ऐकू नयेत; एक प्रिल्यूड लावावे आणि न थांबता त्याच स्वरातली रॉबर्टची एखादी छोटी रचना लावावी.