काळ्या शिलाई मशीनला मोठी मोटर लावायच्या आधी हे करून बघा

आमच्याकडे कळव्याला आईचं पायाचं काळं मशीन आहे, लोखंडी स्टँडवालं, ब्लाउज, फॉल-पिको सोडून घरचं सगळं त्याच्यावर होतं. गुडघे दुखायला लागले म्हणून मागे दुकानातून छोटी मोटर लावून आणली. ब्लाउजला एकदम मस्त चालली. मग आईने जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवायला घेतल्या आणि वांधे सुरू झाले, कारण पिशवीचा बंद जिथे जोडतात तिथे जीन्सचे सहा-आठ थर एकावर एक येतात, तिथे सुई पोचली की मोटर नुसती हूंऽऽ करणार, जळका वास येणार आणि आई पेडल सोडून हाताने चाक फिरवणार. "पायानेच बरं होतं रे, निदान थांबत तरी नव्हतं."

मी रबाळ्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे डोक्यात पहिलं हेच आलं की डबल पॉवरची मोटर टाकू. महिनाअखेर होती, खिशात पैसे नव्हते, म्हणून वाचलो. मोटर कमी पडत नव्हतीच, अर्धा जोर मशीन स्वतःच खात होतं आणि उरलेला चुकीच्या पुलीत (पट्टा बसायच्या खाचेचं छोटं चाक) जात होता. म्हणून क्रमाने सांगतो, क्रम उलटा करू नका.

आधी पट्टा काढा आणि एका बोटाने चाक फिरवा. चांगलं मशीन एका बोटाने फिरतं, आणि पूर्ण फेरीत सारखंच लागतं. आमचं दोन ठिकाणी अडत होतं. मशीन मागे कलंडून खालून बघितलं तर सगळीकडे मधासारखा पिवळा चिकट थर, कारण वर्षानुवर्षं आम्ही खोबरेल सोडत आलोय (घराघरात हेच चालतं, मला माहितीये). खोबरेल किंवा गोडंतेल काही महिन्यांत घट्ट होऊन गोंद होतं. त्याला पातळ रॉकेल हाच उपाय: प्रत्येक सांध्यात दोन थेंब, चाक फिरवत राहा, फडक्याने पुसा, परत दोन थेंब, असं दोन संध्याकाळ. सोनेरी नक्षीवर मात्र काही घासू नका, निघून येते. सगळं मोकळं झालं की शिलाई मशीनचंच पातळ तेल द्या. नंतर शटल (खालचा, बॉबिन धरून टाका गुंफणारा भाग) काढलं तर त्याच्या मागे गुंडाळलेला दोरा निघाला, चक्क चार-पाच इंच! एक अडखळणं तिथेच संपलं.

मधेच एक छोटी गोष्ट. बॉबिन भरताना चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू सैल केला की सुई थांबून नुसतं चाक फिरायला हवं. आमचं कधीच व्हायचं नाही, बॉबिन भरताना सुई पण खालीवर, आणि सगळ्यांना वाटायचं मशीनच तसलं आहे. त्या स्क्रूच्या तोंडावर एक बारीक स्क्रू असतो, तो काढा, मोठा स्क्रू पूर्ण उघडा, आत तीन कानांची चकती दिसेल. ती काढून अर्धी फेरी फिरवून परत बसवा. झालं. पंचवीस वर्षांचा त्रास पाच मिनिटांत गेला, आईने मला पहिल्यांदा इंजिनियर म्हटलं.

आता ढिलेपणा. मशीन हलकं हवं पण खुळखुळं नको. कलंडलेल्या मशीनच्या पोटात लांब दांडे दिसतील, एक शटल हलवतो, बाकीचे दोन कापड ओढणाऱ्या दात्यांचे, एक पुढेमागे करणारा आणि एक वरखाली करणारा. दात्यांच्या दांड्यांच्या टोकाला टोकदार स्क्रू आणि त्यावर लॉकनट (स्क्रू जागेवर पक्का धरणारा नट) असतो. दाते बोटात धरून आडवे हलवा, खटखट लागलं तर नट सैल करून स्क्रू घट्ट करत जा, खटखट संपली की किंचित, म्हणजे फेरीच्या आठव्या भागाएवढा, उलटा घ्या आणि नट आवळा. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून स्क्रूवर ड्रायव्हर धरूनच आवळायचं. मग परत बोटाने चाक. जड झालं असेल तर जास्त कसलंय. हे मी चारदा केलं तेव्हा कुठे जमलं, पण फरक कसला पडला विचारू नका, टाके एकसारखे पडायला लागले. सुईचा दांडाच जर आडवा हलत असेल तर आतलं बुश (दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिजलंय, ते घरी होत नाही, मिस्त्रीला द्या.

आता खरी मजा, पुली. हिशोब सोपा आहे: मोटरचा स्पीड गुणिले मोटरची पुली भागिले चाकाची पुली. आमच्या मोटरवर लिहिलेलं ६००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), पुली २० मिलिमीटर, आणि चाकाची खाच जिथे पट्टा बसतो तिथे ७५. म्हणजे ६००० × २० ÷ ७५ = १६००. मिनिटाला सोळाशे टाके! आईला एवढे कशाला लागतायत? हे स्पीड लोड नसतानाचं आहे हे मान्य, पण तरी. आणि या ब्रशवाल्या छोट्या मोटरची खोड अशी की ती जोरात फिरताना ताकद देते, हळू केली की मरते. जाड शिवणीवर आपण नेमकं हळू करतो. म्हणजे उपाय असा पाहिजे की मोटर जोरात फिरेल आणि सुई हळू चालेल.

त्यासाठी मोटर आणि चाकाच्या मधे एक काउंटर शाफ्ट, म्हणजे जादा फिरता दांडा, टाकला. १२ मिलिमीटरचा शाफ्ट, दोन ६२०१ बेअरिंग (आतलं भोक १२, बाहेरून ३२, कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं), दोन लाकडी ठोकळ्यांत बसवलेली, आणि शाफ्टवर दोन पुली, एक ६० ची आणि एक ३० ची. मोटरची २० ची पुली ६० वाली फिरवते, शाफ्ट २००० ने फिरतो, मग ३० वाली वरचं ७५ चं चाक फिरवते, म्हणजे ८००. स्पीड अर्धा, सुईवरचा जोर जवळपास दुप्पट, मोटर तीच. टाका अडीच मिलिमीटरचा धरला तरी मिनिटाला दोन मीटर टीप होते, पिशव्यांना पुष्कळ झाली.

पुल्या वागळे इस्टेटला एका लेथवाल्याकडून करून घेतल्या, रोड नं. १६ च्या बाजूला अशी छोटी शेड भरपूर आहेत. पहिल्या पुल्या वाया गेल्या. भोक एका वेळी पाडलं आणि बाहेरची खाच दुसऱ्यांदा पकडून कापली, त्यामुळे भोक मधोमध नव्हतं, चालू केलं की पट्टा दर फेरीला उडी मारायचा, सगळं टेबल ठक ठक. म्हणून सांगतानाच सांगा की भोक आणि खाच एकाच पकडीत कर, जॉब (म्हणजे पुलीचा तुकडा) मधे काढू नको. अजून एक, ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) जिथे बसतो तिथे शाफ्टवर कानसीने थोडी सपाट जागा करा, नाहीतर पुली लोडवर घसरते आणि शाफ्टवर ओरखडे पडून मग निघतही नाही.

बसवायचं कुठे? पायाच्या मशीनच्या फळीला चाकाजवळ चामडी पट्ट्यासाठी दोन भोकं असतातच. मी मोटर आणि शाफ्ट दोन्ही फळीच्या खाली लावले आणि पट्टा त्याच भोकांतून वर आणला, मशीनला एकही नवीन भोक नाही. उद्या सगळं काढून परत पायावर चालवता येतं, आईची ती अटच होती. वरचा पट्टा हिरव्या पीयू (एक प्रकारचं लवचिक प्लास्टिक) दोरीचा घ्या, ५ मिलिमीटरचा. तो फळीतून ओवून जागेवरच जोडता येतो: जुनी सुरी गॅसवर तापवायची, दोन्ही टोकं तिला दोन बाजूंनी टेकवायची, वितळायला लागली की सुरी काढून टोकं एकमेकांवर दाबून धरायची, गार होईपर्यंत हलवायचं नाही. मग जोडावरचा फुगवटा ब्लेडने कापायचा. खिडकी उघडी ठेवा, वास बेकार येतो, आणि त्या सुरीने परत कांदा कापू नका.

दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरा ताणून धरा, चारही कडांना एकाच वेळी टेकला पाहिजे, नाहीतर पट्टा तिरका घासतो. पट्टा मधे दाबला की साधारण एक सेंटीमीटर दबावा. लोक तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतात आणि मग मशीन जड म्हणून परत बोंब. मोटरच्या पट्टीला गोल भोकाऐवजी लांब खाच पाडा, पुढे ताण देता येतो. आणि चालू करायच्या आधी दिशा बघा, चाकाची वरची बाजू शिवणाऱ्याकडे आली पाहिजे. मी मोटर फळीखाली उलट्या तोंडाने लावली होती, चाक उलटं फिरलं आणि दोन सेकंदात शटलमध्ये दोऱ्याचा गुंता.

एवढ्यावर आठ थर पार झाले पण बंदाच्या उंचवट्यावर कापड जागीच थांबायचं, सुई तिथेच तिथे टोचत बसायची. हा दोष जोराचा नाही, दात्यांचा. दाते वर येतात, कापड मागे नेतात, खाली बुडतात, बुडूनच पुढे येतात, ही चार हालचालींची युक्ती ॲलन विल्सनने १८५४ ला पेटंट केली आणि अजून तीच चालते. दाते पूर्ण वर असताना प्लेटच्या वर साधारण एक मिलिमीटर दिसायला हवेत, जाड कापडाला किंचित जास्त. आमचे जेमतेम अर्धा होते, खालच्या उचलणाऱ्या दांड्याचा स्क्रू सैल करून उंची वाढवली. उंचवट्यावर चढताना फूट (कापड वरून दाबून धरणारा भाग) पुढून वर होतं आणि मागे पकड सुटते, तेव्हा फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवा म्हणजे फूट सपाट राहतं. याला खर्च शून्य.

सुई जीन्सला १६ किंवा १८ नंबर, चपटी बाजू शटलकडे, आणि वर पूर्ण टेकेपर्यंत घाला. सुई दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाके सुटतात, आणि लोक टायमिंग (सुई आणि शटलचा मेळ) बिघडलं म्हणून शटल खोलून बसतात. टायमिंग बघायचंच असेल तर सुई सगळ्यात खाली नेऊन परत सव्वादोन-अडीच मिलिमीटर वर येऊ द्या, तेव्हा शटलचं टोक सुईच्या मागे, भोकाच्या जरा वर असलं पाहिजे. तिथे असेल तर हात लावू नका.

बॉडी लोखंडी आहे, मोटरला तीन पिनचा प्लग आणि अर्थिंग घ्याच, पावसाळ्यात ठाण्यात भिंती पण घाम गाळतात. खालच्या पट्ट्यांना पत्र्याचं किंवा प्लायचं कव्हर लावा, आईच्या साडीचा पदर एकदा जवळपास गेलाच होता.

फूट उचलायला सायकलच्या ब्रेकची केबल लावून गुडघ्याने चालणारी पट्टी पण केली होती मी. आईने दोन दिवस वापरली, मग म्हणाली की हात तिकडे आपोआप जातो, गुडघ्याला कुठे नवीन काम. काढून ठेवलीये, कोणाला हवी असेल तर सांगा.