गुलाबाची फांदी रुजवताना

ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या फांद्या फेकू नका. नुकतीच फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. सहा-सात इंचांचा, तीन-चार डोळ्यांचा (डोळा म्हणजे पानाच्या बुडाशी असलेला कोंब) तुकडा घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि अर्धी काडी कुंडीतल्या वाळू-कोकोपीटमध्ये (कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचा. तळ कापलेली प्लास्टिकची बाटली वरून टोपीसारखी घाला. कुंडी सावलीत ठेवा, मिश्रण ओलसर हवं, चिखल नको.

आठ-दहा दिवसांत कोंब फुटला तरी मूळ फुटलं असं समजू नका. तो काडीतल्या अन्नसाठ्यावर वाढतो. उपटून पाहिलंत तर कोवळी मुळं तुटतात. दीड-दोन महिने धीर धराच. गावठी गुलाब लवकर रुजतो, सुरुवात त्यानेच करा.