सोलापुरात राजकीय संवादलेखनाचे काम कसे शिकावे

नेत्यासाठी भाषणे लिहिणाऱ्या आणि प्रचाराची आखणी करणाऱ्याचे पहिले काम लिहिणे नसून वाचणे असते, आणि ते वाचन मतदान केंद्रनिहाय निकालाच्या नमुना २० पासून सुरू करावे. सोलापूर लोकसभा मतदारसंघात मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण आणि पंढरपूर हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. त्यांतील एक निवडून मागील दोन निवडणुकांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर मते कुठे सरकली ते दिसते. का सरकली ते मात्र शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यांत आणि विडी कामगार महिलांच्या वस्त्यांत जाऊन बसल्यावरच उमगते. तेथे अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड, शहराच्या काही भागांत उर्दू. म्हणून प्रत्येक पत्रक ती बोली घरात असलेल्या माणसाकडून नव्याने लिहून घ्यावे.

भाषणलेखन हा या कामाचा गाभा आहे. नेत्याच्या जुन्या भाषणांच्या चित्रफिती ऐकून ती जशीच्या तशी उतरवून काढावीत; तो वाक्य कुठे तोडतो, कोणते जोडशब्द टाळतो आणि टाळी कशावर येते, हे कागदावर आल्याशिवाय त्याच्या तोंडी बसेल असे वाक्य लिहिता येत नाही. सुंदर भाषा ही येथे बहुधा अडचणच ठरते. पाण्याचा विषय घ्या. उजनी धरणात पाणी असूनही नळाला ते काही दिवसांआड येते, हे श्रोत्यांना वक्त्याहून अधिक ठाऊक असते; त्यामुळे त्या हालांचे वर्णन करण्यात वेळ न दवडता, उजनीहून शहरात पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीचे कोणते काम कोणाच्या अखत्यारीत आहे आणि आपला उमेदवार त्यातले नेमके काय करू शकतो, एवढेच सांगावे. त्यासाठी महापालिकेचे अंदाजपत्रक, विधिमंडळातील प्रश्नोत्तरे आणि माहिती अधिकारातून मिळालेली उत्तरे हाताशी असावीत. ज्या आकड्याचा कागद दाखवता येत नाही, तो भाषणात घालू नये.

कायद्याची माहिती वकिलावर सोडून भागत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणूक पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता लागतो; कलम १२३ नुसार धर्म वा जातीच्या नावाने मत मागणे भ्रष्ट आचरण ठरू शकते; दूरचित्रवाणी, आकाशवाणी व समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींना माध्यम प्रमाणन समितीची पूर्वसंमती लागते. ही संमती मिळण्यास लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा.

पहिले काम बहुधा प्रभागातील इच्छुक उमेदवाराकडून मिळते. निवडणूक नसतानाच्या काळात आमदारांचे कार्यअहवाल, प्रसिद्धिपत्रके आणि तारांकित प्रश्नांचे, म्हणजे विधिमंडळात तोंडी उत्तरासाठी विचारायच्या प्रश्नांचे, मसुदे यांवर चरितार्थ चालवावा लागतो. वृत्तपत्रात राजकीय बातमीदारी करीत असताना हे काम चोरून घेऊ नये. दोन्हीकडची पत जाते. मानधनाचा करार लेखी असावा, कारण प्रचाराचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात दाखवावा लागतो. रक्कम बँकेमार्फत आणि शक्यतो टप्प्याटप्प्याने, मतदानापूर्वीच घ्यावी. पराभूत उमेदवाराकडून बाकी वसूल करणे फार अवघड असते, आणि विजयी उमेदवाराकडूनही ते सोपे असतेच असे नाही.