फोमच्या चिलखताला तडे जात होते, त्यावरचा उपाय

मुंबई कॉमिक कॉनसाठी (कॉमिकप्रेमींचा मेळावा, तिथे आवडत्या पात्रांचे वेश करून जातात) भाच्याचं बॅटमॅनचं चिलखत घरीच केलं. ईव्हीए फोम (मुलांच्या खेळायच्या मॅटला असतो तो मऊ फोम) हलका, कापायला सोपा. पण वाकला की रंगाला तडे. फोमच्या बारीक छिद्रांत रंग मुरतो आणि वरचा कडक थर फोमबरोबर वाकत नाही. म्हणून आधी हीट गन, म्हणजे खूप गरम हवा फेकणारं यंत्र, फिरवली. पृष्ठभागाला किंचित चकाकी आली की छिद्रं मिटली समजायचं. मग पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. वरून अ‍ॅक्रिलिक रंग. आता कोपर कितीही वाकवा, तडा नाही! सोलापूरचं ऊन बघून गच्चीवर वाळत घालायचा मोह होतो, पण उन्हात फोमचा आकार बिघडतो. सावलीत, वाऱ्यावरच ठेवा. केप मात्र युनिफॉर्म शिवणाऱ्या शेजारच्या काकूंनीच शिवली, खांद्यावर दुहेरी शिलाई मारून.