२५ मीटर पिस्तूल: रिकामी पुंगळी काय सांगते

राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या २५ मीटर पिस्तुलाकडे वळणारे बहुतेक नेमबाज १० मीटर एअर पिस्तूल करून आलेले असतात. एअर पिस्तुलात काडतूस नसते आणि पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारे काडतुसाचे रिकामे कवच, हीसुद्धा नसते; इथे मात्र .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप चढवणारी, पिस्तूल हाती येते आणि काही दिवसांतच ती मध्येच अडू लागते. अशा वेळी नवखा नेमबाज पिस्तुलाला दोष देतो किंवा मिळेल तो स्क्रू फिरवू लागतो. रेंजवर नव्या मुलामुलींना मदत करताना मी एकच आग्रह धरतो: पिस्तुलाला हात लावण्याआधी अडकलेले काडतूस किंवा रिकामी पुंगळी जपून ठेवा, आणि ती भिंगाखाली नीट पाहा.

पाहण्याची सुरुवात फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आपटून ते उडवणाऱ्या खिळीच्या, खुणेपासून करावी. .२२ चे काडतूस रिमफायर असल्यामुळे पिन बुडाच्या मध्यभागी न बसता कडेवर बसते, आणि त्यामुळे पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) कोणत्या बाजूने होती हे त्या एका खुणेवरून नक्की ठरते. इतर सर्व ओरखड्यांची जागा या खुणेच्या संदर्भात वहीत नोंदवली, की पाच-सहा पुंगळ्यांवर तोच ओरखडा त्याच जागी येतो का, हे लगेच कळते. तो प्रत्येक वेळी तिथेच येत असेल तर कारण पिस्तुलात आहे. जागा बदलत असेल तर आधी काडतुसांचा आणि साफसफाईचा विचार करावा.

पिनच्या खुणेच्या अगदी सरळ रेषेत, कडेच्या पुढे, पुंगळीच्या अंगावर लांबट ओरखडा दिसला तर चेंबरच्या तोंडावर कंगोरा उठला असल्याची दाट शक्यता असते. रिमफायर पिस्तुलात चेंबर रिकामे ठेवून नुसता ट्रिगर ओढण्याचा सराव केला की काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथले धातू आत दबते. मग काडतूस आत जाताना अडते आणि पुंगळी बाहेर येतानाही घासते. म्हणून अशा सरावासाठी उत्पादकाने दिलेली सोय किंवा प्लास्टिकचे डमी काडतूसच वापरावे. उठलेला कंगोरा घरी कानशीने घासू नये; ते काम परवानाधारक आर्मररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे, आहे.

काडतूस आत जातानाच अडत असेल तर गोळीच्या टोकाकडे पाहावे. शिसे मऊ असल्याने ते कुठे घासले हे स्पष्ट दिसते. एकाच बाजूला शिसे खरवडले असेल तर मॅगझिनचे (काडतुसे भरण्याच्या पेटीचे) ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणारे वरचे काठ, वाकले आहेत का, ते पूर्ण बसते का आणि चेंबरच्या तोंडाशी गोळीवरचे मेण व काजळी साचली आहे का, हे तपासावे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे गेली तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. माझ्या पाहण्यात नवख्यांच्या बऱ्याचशा अडचणी मॅगझिन आणि मेण या दोन ठिकाणीच सुटतात.

एक्स्ट्रॅक्टरविषयी, म्हणजे पुंगळीची कड पकडणाऱ्या आकड्याविषयी, मात्र थोडे थांबून समजून घ्यावे. ही पिस्तुले ब्लोबॅक पद्धतीची असतात, म्हणजे गोळी सुटल्यावर वायूचा दाबच पुंगळीला मागे ढकलतो. एक्स्ट्रॅक्टर तिला इजेक्टरवर, म्हणजे पुंगळी बाहेर उडवणाऱ्या भागावर, आपटेपर्यंत धरून ठेवतो. त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर झिजला तरी गोळीबार चालू असताना पुंगळ्या बाहेर पडत राहू शकतात, पण न उडालेले काडतूस हाताने बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढल्यावर चेंबरमध्येच राहू शकते. ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. मॅगझिन काढले, बोल्ट ओढला, म्हणून पिस्तूल रिकामी झाली असे कधीही गृहीत धरू नये. चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि ते रिकामे असल्याचे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग त्यात घालावा. पुंगळीची कड फाटलेली दिसली तर ती चेंबरमध्ये घट्ट बसत होती असे समजावे आणि आधी चेंबर स्वच्छ करावे. पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकत असेल तर साचलेली घाण, कमी जोराची काडतुसे, सैल मनगट आणि शेवटी एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग, या क्रमाने शोध घ्यावा.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी झाडू नये, कारण आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते. ट्रिगर ओढूनही काडतूस उडाले नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे.

स्पर्धेत हे सारे स्वतः तपासण्याची मुभा नसते. पिस्तूल अडल्यास ती लक्ष्याच्या दिशेने धरून मोकळा हात वर करावा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत बोल्ट उघडू नये, सेफ्टीच्या खटक्यालाही हात लावू नये. तपासणीपूर्वी तसे केल्यास बिघाड अमान्य ठरतो आणि न झाडलेल्या गोळ्यांचे गुण हातचे जातात. तपासणी संपल्यावर ते काडतूस किंवा पुंगळी मागून घ्यावी आणि पाकिटावर मॅगझिनचा क्रमांक व काडतुसांचा लॉट (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) लिहून ठेवावा.