बारावीनंतर जर्मनीत मेडिकल आणि मग तिथेच मुक्काम: कसं करायचं ते सांगते

गेल्या सुट्टीत जर्मनीहून कराडला आले होते तर चार दिवसांत तीन घरांतून बोलावणं आलं. चहा-पोहे झाले की विषय एकच, आमच्या पोरीला जर्मनीत डॉक्टर करायचंय, तिकडे फी नसते म्हणे. हो, सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नसते, सेमिस्टरला युनिव्हर्सिटीप्रमाणे साधारण १०० ते ४०० युरो भरायचे, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र, म्हणजे हायडलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन, उल्म इकडे आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. पण फी नाही म्हणजे सोपं आहे असं समजून लोक उडी मारतात आणि मग दोन वर्षांनी परत येतात, तर प्रत्येक घरात तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं टाइप करतेय.

पहिली गोष्ट कॉलेज नाही. पहिली गोष्ट ही की प्रॅक्टिस कुठे करायचीये. हे उलटं वाटतं पण डॉक्टरकीचं लायसन्स देशाला बांधलेलं असतं, इंजिनिअरसारखं डिग्री घेऊन कुठेही जाता येत नाही. भारतात १८ नोव्हेंबर २०२१ ला परदेशी मेडिकल डिग्रीबद्दल नवे नियम आले, त्यात किमान ५४ महिन्यांचा कोर्स लागतो, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते, आणि कोर्स इंग्लिश मीडियमचा लागतो. जर्मनीतलं सरकारी मेडिकल जर्मनमध्ये असतं. कळलं ना काय झालं ते? जर्मनीत शिकून पाच-सात वर्षांनी पुण्यात क्लिनिक टाकू हा प्लॅन असेल तर हे वाचणं इथेच थांबवा. आणि उलट्या बाजूने, जॉर्जिया किंवा किर्गिस्तानला इंग्लिशमध्ये करू आणि मग जर्मनीत सेटल होऊ असं जे एजंट सांगतात ते अशक्य नाही, पण मग जर्मनीत वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा आणि बहुतेकांना ज्ञानाची परीक्षा, म्हणजे केंटनिसप्र्युफुंग, द्यावी लागते आणि जर्मन शिकायचं कष्ट काही टळत नाही. राहायचं जर्मनीतच असेल तर शिकायचंही तिथेच, हे माझं मत. नीट मात्र द्याच, क्वालिफाय व्हा, पुढे काय वेळ येईल सांगता येत नाही.

आता वर्षं मोजा, कारण आईवडील हे कधीच मोजत नाहीत. बारावी १८ व्या वर्षी, जर्मन शिकण्यात एक-दीड वर्ष, तयारीचं एक वर्ष, मेडिकल ६ वर्षं ३ महिने, मग स्पेशलायझेशन ५ ते ६ वर्षं. म्हणजे पूर्ण स्पेशालिस्ट होईपर्यंत बत्तिशी-तेहतिशी. अर्थात स्पेशलायझेशनच्या काळात पूर्ण पगार असतो, आपल्याकडे पीजीच्या सीटला जे होतं तसलं काही नाही.

भाषा. अकरावीलाच सुरू करा, बारावी झाल्यावर नको. जर्मनच्या पायऱ्या ए वन पासून सी टू पर्यंत चढत जातात. पुण्यात मॅक्समुलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत काळा घोड्याला मॅक्समुलर आहे. गल्लीतले तीन महिन्यांत बी टू वाले क्लास नीट पारखून घ्या, माझा एकावर विश्वास बसला होता, सर्टिफिकेट मिळालं आणि तोंडातून वाक्य फुटेना. श्टुडिएनकोलेगला, म्हणजे त्या तयारीच्या वर्षाला, जायला बी वन ते बी टू लागतं, मेडिकलला सी वन. आणि अजून एक, जे कुणी सांगत नाही: बारावीला मॅथ्स सोडू नका. आपल्याकडे डॉक्टर व्हायचंय म्हणलं की पीसीबी घेऊन मोकळं होतात, पण श्टुडिएनकोलेगच्या एन्ट्रन्सला बऱ्याच ठिकाणी जर्मनबरोबर गणिताचा पेपर असतो, मेडिकलच्या कोर्सलासुद्धा. माझ्यासोबत आलेला लातूरचा एक मुलगा, बायोलॉजीत हुशार, नीटला चांगले मार्क, तो लॉगॅरिदमवर अडकला.

श्टुडिएनकोलेग म्हणजे काय ते सांगते. आपली बारावी ही त्यांच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेइतकी धरत नाहीत, म्हणून मधे एक वर्षाचा, दोन सेमिस्टरचा कोर्स करावा लागतो. मेडिकलवाल्यांचा तो एम-कुर्स, त्यात जर्मन, बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स किंवा गणित. सरकारी श्टुडिएनकोलेगला बहुतेक ठिकाणी फी नाही, हायडलबर्ग, हाम्बुर्ग, लाइपझिग, हाले, हानोव्हर, माइन्झ अशा बऱ्याच गावांत आहेत. प्रायव्हेटही आहेत, काही हजार युरो घेतात, आणि त्यांची शेवटची परीक्षा कुठे आणि कशी मान्य आहे ते लेखी विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. अर्ज बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीमार्फत, म्हणजे उनी-असिस्टच्या पोर्टलवरून जातो, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०.

एन्ट्रन्सचा जर्मनचा पेपर बघून मला घाम फुटला होता. सी-टेस्ट म्हणतात त्याला. एक साधा उतारा असतो, समजा मधमाश्यांवर, पण दुसऱ्या वाक्यापासून दर दुसऱ्या शब्दाची अर्धी शेपटी कापलेली आणि आपण ती जोडायची. शब्द माहीत असतो हो, पण शेवटी ई येणार की एन येणार की एम हे व्याकरण पक्कं असल्याशिवाय कळत नाही, आणि घड्याळ चालू असतं. पहिल्या वर्षी मी नापास झाले. घरी सांगितलं की निकाल उशिरा लागतोय, आठवडाभर खोटं बोलले. दुसऱ्या वर्षी रोज पेपरमधली एक बातमी घ्यायची, पेनाने शेपट्या काळ्या करायच्या, दुसऱ्या दिवशी भरायच्या, असं सहा महिने केलं. हा क्लासपेक्षा चांगला उपाय आहे आणि फुकट आहे.

कागदपत्रांत आता एपीएस सर्टिफिकेट आलंय, म्हणजे आपली मार्कशीटं खरी आहेत याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाला लागतं, दिल्लीच्या ऑफिसकडून होतं, १८,००० रुपये. माझ्या वेळी नव्हतं. हे सगळ्यात आधी टाका कारण वेळ लागतो. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर, पासपोर्टवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आजच बघा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, आडनाव आधी, कुठे आडनाव शेवटी असा गोंधळ असतो आणि जर्मन क्लार्कला तो समजावून सांगणं म्हणजे डोकेफोड. भाषांतराला सर्टिफाइड ट्रान्सलेटरच लागतो, कॉलेजात जर्मन शिकलेला चुलतभाऊ चालत नाही. आणि ओरिजिनल कुणालाही देऊ नका. एका एजंटने माझी ओरिजिनल मार्कशीट दोन महिने अडकवून ठेवली होती, "उरलेली फी भरा मग देतो". एजंट खरं तर लागतच नाही, सगळे अर्ज आपले आपण करता येतात.

पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, म्हणजे रेटप्रमाणे बारा लाखांच्या आसपास रुपये, ते तुमचेच असतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे सुटतात. पुढच्या वर्षी राहण्याचं परमिट वाढवताना पुन्हा पैशाचा पुरावा द्यावा लागतो हे लोक विसरतात, आणि पहिल्या वर्षीचं एज्युकेशन लोन काढून दुसऱ्या वर्षी हात वर करतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण मेडिकलच्या पहिल्या दोन वर्षांत तेवढा वेळ मिळत नाही, सुट्टीत करा. म्युनिकमध्ये ९९२ मध्ये जेमतेमही भागत नाही, हाले-लाइपझिगला भागतं. होस्टेलसाठी अ‍ॅडमिशन लेटरची वाट बघू नका, अर्ज चालत असेल तिथे आधीच नंबर लावा.

व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर घ्या, आणि फाइल पहिल्याच वेळी पक्की करा. आधी व्हिसा नाकारला तर साधं पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली, आता नवा अर्ज नाहीतर कोर्ट.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, आनमेल्डुंग म्हणतात, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद नाही तर बँक पुढे सरकत नाही आणि परमिट अडकतं. घरमालक सही देणार नाही म्हणाला तर ती खोली घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

श्टुडिएनकोलेगच्या शेवटी जी परीक्षा असते, जिचं नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही म्हणून आम्ही सगळे एफएसपी म्हणायचो, तिथे सगळी गंमत आहे. युरोपियन युनियनबाहेरच्यांसाठी मेडिकलच्या साधारण ५ टक्के सीट असतात. पास होऊन उपयोग नाही, मार्क लागतात. तिकडे १.० म्हणजे सर्वात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास, तर तुम्हाला एकच्या आसपास राहायला हवं. बारावीचे मार्कही धरतात म्हणून बारावीला "नीट आहे ना, बोर्ड काय" असं करू नका. काही युनिव्हर्सिटी टीएमएस नावाच्या टेस्टचे गुण धरतात, काही टेस्टआसचे, प्रत्येकीच्या साइटवर जाऊन वाचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. हिवाळी सेमिस्टरची शेवटची तारीख १५ जुलै असते, बहुतेक ठिकाणी मेडिकल हिवाळ्यातच सुरू होतं.

रिकामा वेळ मिळाला की फ्लेगेप्राक्टिकुम उरकून टाका. ९० दिवस वॉर्डात नर्सिंगचं काम, बेड लावायचे, पेशंटला धुवायचं, जेवण भरवायचं, पहिल्या मोठ्या परीक्षेआधी ते पूर्ण लागतं. आपल्या मुलांना हे कमीपणाचं वाटतं, एकाची आई मला फोनवर म्हणाली डॉक्टर व्हायला गेलाय की आया. पण मी खरं जर्मन तिथेच शिकले. दुसऱ्या दिवशी नर्सने सांगितलं, बारा नंबरच्या आजींना विचार, आज श्टूलगांग झाला का. श्टूल म्हणजे खुर्ची, गांग म्हणजे चालणं किंवा बोळ, हे मला माहीत. मी म्हणलं आजींना खुर्चीपर्यंत चालवायचं असेल. गेले, हाताला धरून उठवलं, खिडकीतल्या खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं, आणि येऊन ऐटीत सांगितलं, हो झाला, मीच करवला. नर्स दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली आणि मग स्टेशनवरचे सगळे हसायला लागले. आजींना शौचाला झाली का एवढंच विचारायचं होतं. आणि पेशंट जेव्हा म्हणतो की मला क्राइसलाउफ आहे, म्हणजे शब्दशः मला रक्ताभिसरण आहे, तेव्हा त्याला गरगरतंय, धरा पटकन. हे कुठल्या सी वनच्या पुस्तकात आहे?

मेडिकलमध्ये चार सेमिस्टरनंतर फिजिकुम, म्हणजे तीच पहिली मोठी परीक्षा, लेखी ३२० प्रश्न आणि वर तोंडी. नापास झालात तर अजून दोनदा देता येते, तिसऱ्यांदाही गेली की जर्मनीत मेडिकल कायमचं संपलं, दुसऱ्या गावात जाऊनही करता येत नाही. म्हणून तयारी नसेल तर रेटून बसू नका, सेमिस्टर गेलं तरी चालेल. पुढे दुसरी लेखी, मग ४८ आठवड्यांचं प्रॅक्टिकल वर्ष, १६-१६ आठवडे मेडिसिन, सर्जरी आणि तुमच्या आवडीचं एक, आणि शेवटी तोंडी. मग अप्रोबात्सिओन, म्हणजे कायमचं लायसन्स.

नोकरी मिळते. खेड्यात आणि पूर्वेकडे तर हॉस्पिटलं स्वतः फोन करतात. सुरुवातीला महिन्याला ५,००० युरोच्या वर पगार, पण टॅक्स आणि विमा कापून हातात बरंच कमी येतं, गावाकडे सांगताना लोक कापायच्या आधीचा आकडा सांगतात. कायमच्या परमिटला तिथली डिग्री असेल तर नोकरीची २ वर्षं लागतात, ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचं कामाचं परमिट, असेल तर बी वन जर्मनवर २१ महिने. आपली पेन्शन डॉक्टरांच्या वेगळ्या फंडात जाते, तर तिच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा, परमिटच्या वेळी तोच पुरावा.

नागरिकत्वाला सर्वसाधारणपणे ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. जून २०२४ पासून जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात, पण भारताला चालत नाहीत, जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय जमा करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, काढायचं. माझा अर्ज सध्या टेबलावर पडून आहे, भरलेला, सही राहिलीय. वडिलांना सांगितलं तर त्यांनी पासपोर्टबद्दल काही विचारलं नाही, सातबाऱ्याचं काय एवढंच विचारलं. तर तेही सांगून ठेवते, ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. विहिरीशेजारचा तुकडा घ्यायचा चाललं होतं आमचं, तो आता भावाच्या नावावर होईल.